रात्री साडेअकराचा धूर: कडक भाकरीच्या कापडापासून हरित न्यायाधिकरणापर्यंत (सोलापूर)

कडकभाकरी | ११ जानेवारी २०२५, रात्री १२:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे. आज झोप येईना म्हणून धागा काढतेय.

आम्ही अक्कलकोट रोडच्या बाजूला राहतो. घराच्या मागच्या गल्लीपलीकडे टॉवेल-चादरीचं सूत रंगवायचं एक युनिट आहे. नाव लिहिणार नाही आणि कोणी विचारूही नये. युनिट जुनंच आहे, आजवर त्रास नव्हता. दिवाळी झाली आणि रात्री साडेअकराच्या सुमारास चिमणीतून काळा धूर यायला लागला. वास लाकडाचा नाही. जळक्या चपलेचा असतो ना, तसा. पहाटे चारला बंद. दिवसा बघाल तर चिमणी अशी स्वच्छ, जणू आत्ताच न्हाऊन आली.

आईचा कडक भाकरीचा घरगुती धंदा आहे. गड्ड्याच्या जत्रेमुळे सध्या ऑर्डरी जोरात. रात्री उशिरा शेवटच्या भाकऱ्या तव्यावरून उतरल्या की ती गच्चीवरच्या खोलीत पांढऱ्या कापडावर मांडते. खिडकीची जाळी उघडीच असते. परवा सकाळी भाकऱ्या उचलल्या तर कापडावर पांढरे गोल आणि गोलांच्या मधली सगळी जागा राखाडी. बोट फिरवलं तर तेलकट काळं. पन्नास भाकऱ्या गाईला घातल्या. गाईने तरी का खाव्यात, हाही प्रश्नच.

संबंधित कार्यालयात दोनदा जाऊन आलो. एकदा पाहणीही झाली, सकाळी अकरा वाजता. शेरा: "धूर आढळून आला नाही."

आता कायद्याने काय करता येईल? वकील लावायची ऐपत बेताची आहे. मोर्चा-घोषणा नकोत, गल्लीतली निम्मी घरं त्याच पट्ट्यात कामाला जातात.

पेठेतला_पोरगा | ११ जानेवारी, सकाळी ७:०५

ताई, व्हिडिओ काढा आन् टाका की सगळीकडं. दोन दिवसांत सुतासारखं सरळ होतंय बघा. सोलापुरात चिमणी म्हटलं की सगळे जागे होतात. विमानतळाजवळची साखर कारखान्याची ती मोठी चिमणी जून २०२३ मध्ये पाडली तेव्हा अख्खं गाव गच्चीवर होतं.

कलमबहाद्दर | ११ जानेवारी, सकाळी ९:४०

ती चिमणी विमानाच्या वाटेत आली म्हणून पडली, धुराशी तिचा संबंध नव्हता. आणि व्हिडिओने दोन दिवस गाजावाजा होतो, तिसऱ्या दिवशी युनिटवाला रात्री दोनला सुरू करतो. सध्या थांबा.

मी वकिली करतो (फौजदारी जास्त, पण पर्यावरणाची दोन-तीन प्रकरणं हाताळली आहेत). आधी तीन गोष्टी विचारतो.

पहिली: धूर *सर्वप्रथम* कधी दिसला, ती तारीख. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण (पर्यावरणाच्या वादांचं खास न्यायालय) कायदा २०१० च्या कलम १४ खाली अर्ज करायचा तर कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने मिळतात. योग्य कारण दाखवलं तर वर ६० दिवस, त्यापुढे नाही. "रोज धूर येतो म्हणजे रोज नवी मुदत" हा युक्तिवाद करता येतो, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

दुसरी: युनिटला मिळालेलं प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र बघितलंय का? सगळे त्याला कन्सेंटच म्हणतात. हवा कायदा १९८१ च्या कलम २१ खाली ते लागतं. त्यात बॉयलर किती, इंधन कोणतं, चिमणी किती उंच, धूळ पकडायला काय बसवलंय, सगळं लिहिलेलं असतं.

तिसरी: तुम्हाला काय हवंय? धूर थांबायला हवा, की नुकसानभरपाई? थांबवण्यासाठी कलम १४. भरपाईसाठी कलम १५, तिथे मुदत पाच वर्षं. पण भरपाई मागितली की फी मागितलेल्या रकमेच्या एक टक्का होते आणि "माझा दमा याच धुराने" हे सिद्ध करत बसावं लागतं. नुसत्या कलम १४ च्या अर्जाला फी १००० रुपये. वकील नसला तरी स्वतः उभं राहता येतं.

कडकभाकरी | ११ जानेवारी, दुपारी १:१५

तारीख पक्की सांगते. ६ नोव्हेंबर २०२४. त्या रात्री शेजारच्या काकूंच्या नातवाला धाप लागली, रिक्षा मी बोलावली होती, फोनमध्ये कॉल सापडला. भरपाई नको. धूर थांबावा.

कन्सेंट कुठून मिळवायचं?

कलमबहाद्दर | ११ जानेवारी, दुपारी २:००

म्हणजे ५ मेच्या आत अर्ज. कॅलेंडरवर गोल करा.

कन्सेंट महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर शोधा. मिळालं नाही तर माहिती अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एक विषय आणि १५० शब्दांत बसवा, महाराष्ट्राच्या नियमात तशी मर्यादा आहे. धुराचं वर्णन करत बसू नका, फक्त मागा: चालू कन्सेंटची प्रत, गेल्या दोन वर्षांतले पाहणी अहवाल, चिमणीच्या नमुन्यांचे निकाल. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील.

बॉयलरवाला | ११ जानेवारी, रात्री ८:३०

बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट आहे, चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी केली, आता निवृत्त. दोन शब्द.

जळक्या चपलेचा वास म्हणजे रेक्झिनचे तुकडे, रबर, सूत गुंडाळायचे प्लास्टिकचे कोन, असला भंगार माल. लाकूड आणि ब्रिकेट (भुसा-काडीकचरा दाबून केलेलं जळण) महाग झालं की काही जण पोत्याने हे आणतात. रेक्झिनवर पीव्हीसीचा थर असतो. तो जळाला की आम्लाची वाफ निघते, डायऑक्सिन हे विषही तयार होतं. रात्री का? रात्री धुराचा रंग कोणाला दिसत नाही म्हणून. वर हिवाळा. रात्री जमिनीलगतची हवा थंड होते आणि वरची उबदार राहते, झाकण बसल्यासारखं. धूर वर जातच नाही, तुमच्या गच्चीवर पसरतो.

चिमणीच्या उंचीचं एक सूत्र आहे. तासाला किती किलो सल्फर डायऑक्साइड निघतो त्याचा ०.३ घात आणि गुणिले १४. तासाला १०० किलो कोळसा जाळला, त्यात गंधक अर्धा टक्का, म्हणजे अर्धा किलो गंधक, त्याचा वायू झाला एक किलो. उंची १४ मीटर आली. हा नुसता हिशेब. तुमच्या युनिटला किती उंची सांगितलीय ते कन्सेंटमध्येच बघा.

आणि चिमणीला शिडी, उभं राहायला फळी आणि नमुना घ्यायचं भोक (पोर्टहोल) आहे का, तेवढं गच्चीवरून बघून सांगा.

मागवाला | ११ जानेवारी, रात्री १०:५०

सगळे युनिट बंद कराच्या मागं लागलाव का काय तुम्ही? माझे वडील मागावर, मी मागावर. सुताचा भाव, विजेचं बिल, वर पावसासारख्या नोटिसा. आधीच निम्मे माग भंगारात गेलेत. एक रंगाईवाला बंद पडला की त्याच्यावर अवलंबून असलेले चाळीस माग थांबतात. भाकरीवर काजळी पडली म्हणून चाळीस घरच्या भाकऱ्या काढून घेणार?

कडकभाकरी | ११ जानेवारी, रात्री ११:४५

दादा, माझे आजोबा जुन्या मिलमध्ये होते. भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या घरातली मी. युनिट बंद करा असं मी कुठेच म्हटलं नाही. ब्रिकेट जाळा म्हणतेय. साडेअकरा वाजले, खिडक्या लावून आले.

डॉ_फुप्फुस | १२ जानेवारी, सकाळी ६:५०

कापडावर दिसली ती काजळी मोठ्या कणांची आहे, ती नाकात-घशात अडते. खरं भय न दिसणाऱ्या कणांचं, अडीच मायक्रॉनपेक्षा लहान. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. देशाचं २००९ चं मानक या कणांसाठी २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी १००. सोलापूर हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातलं शहर आहे, म्हणजे आपली हवा मानकात बसत नाही हे सरकारनेच मान्य केलेलं आहे. पण २४ तासांच्या सरासरीत तुमचे रात्रीचे साडेचार तास विरघळून जातात. एक बारीक सूचना: नातवाच्या केसपेपरवर धाप लागण्याची *वेळ* लिहून घ्यायला सांगा. आम्ही डॉक्टर तारीख लिहितो, वेळ लिहीत नाही.

कडकभाकरी | २ फेब्रुवारी, रात्री ९:३०

गड्डा झाला, अक्षता पडल्या, ऑर्डरी पार पडल्या. आता हिशेब.

मी एका अडत दुकानात खाती लिहिते, त्यामुळे वही हे माझं आवडतं हत्यार. रोजची एक ओळ: धूर सुरू, धूर बंद, वास कसा, वारा कुठून (गच्चीवर सुतळीला रिबीन बांधलीय), कोण जागं होतं, त्यांची सही. धूर नसेल त्या दिवशीही ओळ लिहायची, "आज नाही". हे कलमबहाद्दरांनी फोनवर सांगितलं. धुराच्याच ओळी असलेल्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही म्हणाले.

जोडीला रोज एक पांढरा रुमाल. रात्री अकराला ताटाखाली अर्धा झाकून ठेवायचा, सकाळी फोटो, कोपऱ्यावर पेनने तारीख, पिशवीत बंद. आई म्हणते रुखवत मांडतेयस का.

चिमणीला शिडी नाही. पोर्टहोलही दिसत नाही.

हुतात्मा_एक्स्प्रेस | ३ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

वाखुसा (वाचनखूण साठवली). "आज नाही" ही ओळ फार आवडली.

कडकभाकरी | २४ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:४०

माहिती अधिकाराचं उत्तर आलं. कन्सेंटमध्ये बॉयलर एक. इंधन: ब्रिकेट. धूळ पकडायला मल्टिसायक्लोन. चिमणीला नमुना घेण्यासाठी पोर्टहोल, शिडी आणि फळी असावी ही अट छापील आहे. आणि गंमत अशी की चिमणीच्या नमुन्याचा निकाल मागितला होता, त्यापुढे "माहिती उपलब्ध नाही".

बॉयलरवाला | २४ फेब्रुवारी, रात्री ८:०५

शिडीच नाही तर नमुना घेणार कुठून? आकाशातून?

कलमबहाद्दर | २४ फेब्रुवारी, रात्री ९:२०

ताई, तुमचं प्रकरण आज उभं राहिलं. इतके दिवस तुम्ही "धूर येतो" म्हणत होता, ते "येत नाही" म्हणत होते. आता "कन्सेंटच्या अमुक क्रमांकाच्या अटीप्रमाणे शिडी हवी, ती नाही" एवढंच म्हणा. शिडी रात्री गायब होत नाही. सकाळी अकराच्या पाहणीतही तिचं नसणं दिसतं.

अटीचा क्रमांक घालून मंडळाला लेखी पत्र द्या, पोच घ्या. त्यातच रात्री साडेअकरानंतर पाहणीची विनंती करा.

बाकीच्या वाटा माहितीसाठी सांगतो. हवा कायद्याच्या कलम ४३ खाली ६० दिवसांची नोटीस देऊन कोणीही नागरिक न्यायालयात तक्रार करू शकतो, मात्र २०२३ च्या जन विश्वास कायद्यानंतर बऱ्याच ठिकाणी तुरुंगाच्या जागी दंड आला आहे. दुसरी वाट म्हणजे सार्वजनिक उपद्रव. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १५२. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे. १९८० च्या रतलाम नगरपालिकेच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर बोट ठेवून सांगितलं होतं की पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. तिथे विषय गटारांचा होता, पण तत्त्व तेच. शुद्ध हवा हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग, हे १९९१ च्या सुभाष कुमार प्रकरणात आलंय. अर्जात एक ओळ टाका, पानंच्या पानं नको.

मागवाला | २५ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

शिडीला किती पैसे लागतात बे? तेवढी तर बसवायला पाहिजे होती. हे मी बी म्हणतो. आमच्यात एक युनिट असं वागतं आन् नोटिसा सगळ्यांना येतात.

अवांतर: ब्रिकेट घेणाऱ्याला भंगार जाळणाऱ्याशी भावात टिकता येत नाही. माझा रंगाईवाला नीट जाळतो, म्हणून किलोमागं जास्त घेतो, म्हणून माझं गिऱ्हाईक कुरकुरतं. हे कुठल्या अर्जात लिहायचं?

कलमबहाद्दर | २५ फेब्रुवारी, दुपारी १:१०

याच अर्जात लिहायचं. न्यायाधिकरणाच्या कायद्यातच, कलम २० मध्ये, "प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी" हे तत्त्व आहे. आज ती किंमत तुम्ही आणि ताईंच्या आई मोजताय.

किती ते बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं पर्यावरण भरपाईचं सूत्र आहे, पाच आकड्यांचा गुणाकार: उद्योगाचा वर्ग, उल्लंघनाचे दिवस, दर, उद्योगाचा आकार, शहराची लोकसंख्या. रंगाई लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणाच्या वर्गात, ८०. दर साधारण २५०. लहान उद्योगाला ०.५. दहा लाखांखालच्या शहराला १, आणि २०११ च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांचं. ८० गुणिले २५० गुणिले ०.५, दिवसाला १०,००० रुपये. ताईंच्या वहीत धुराच्या ओळी किती आहेत?

कडकभाकरी | २५ फेब्रुवारी, दुपारी १:२५

आत्तापर्यंत ३१. "आज नाही" १३.

पेठेतला_पोरगा | २५ फेब्रुवारी, दुपारी १:२७

तीन लाख दहा हजार!! लका, शिडी सोन्याची झाली असती.

कडकभाकरी | २८ मार्च, रात्री १०:००

रात्रीची पाहणी झाली. पावणेबाराला. अहवालात "काळसर धूर आढळला, पोर्टहोल व शिडी नसल्याने नमुना घेता आला नाही, आवारात रेक्झिनचे तुकडे असलेली पोती दिसली" असं आलंय. युनिटला कारणे दाखवा नोटीस. चार रात्री शांत गेल्या. पाचव्या रात्री पुन्हा सुरू.

म्हणून अर्ज तयार करतोय. गल्लीतल्या अकरा जणांच्या सह्या होणार होत्या, सात झाल्या. दोघांचे मुलगे त्या पट्ट्यात कामाला, एकाने घरमालकाचं नाव सांगितलं, एकाने काहीच सांगितलं नाही. कोणावर राग नाही.

मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. "चपलेचा वास" कसं लिहू यावर पुतण्याशी अर्धा तास वाद झाला.

कलमबहाद्दर | २९ मार्च, सकाळी ८:००

रुमाल अर्जाला जोडू नका! फोटो, क्रमांक, तारीख, बस. रुमाल घरी जपून ठेवा, मागितले तर न्या. प्रतिवादींत मंडळ आणि जिल्हाधिकारी असू द्या. मागणी तीनच: कन्सेंटमधल्या इंधनाशिवाय काही जाळू नये, पोर्टहोल-शिडी बसवून रात्री नमुना घ्यावा, संयुक्त समितीकडून पाहणी व्हावी. "युनिट कायमचं बंद" लिहायचा मोह टाळा. मागणी जेवढी लहान, तेवढी ती नाकारणं अवघड.

कडकभाकरी | २२ एप्रिल, संध्याकाळी ६:१०

दाखल केला. ५ मेच्या तेरा दिवस आधी. भरणा १००० रुपये, झेरॉक्स आणि स्कॅनिंगला त्याहून जास्त गेले.

हुतात्मा_एक्स्प्रेस | २२ एप्रिल, संध्याकाळी ६:३०

अभिनंदन! पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात, म्हणजे आमच्याच सोलापूर-पुणे हुतात्मा गाडीने जाणार. सकाळी बसा, डब्यात शेंगाचटणी ठेवा.

कडकभाकरी | १९ जुलै, रात्री ९:५०

पहिल्या तारखेला खरंच हुतात्माने गेले. दुसरीला घरूनच व्हिडिओवर हजर राहिले. आमचा नंबर आला तेव्हा सगळं मिळून सहा-सात मिनिटं. मी भाषण पाठ करून गेले होते, विचारलं फक्त एवढंच: कन्सेंटमध्ये इंधन कोणतं लिहिलंय? मी पान क्रमांक सांगितला. नोटिसा निघाल्या, संयुक्त समितीने पाहणी करून अहवाल द्यावा असं सांगितलं.

युनिटने जूनमध्येच शिडी बसवली. पिवळा रंग दिलाय, लांबून दिसते.

डॉ_फुप्फुस | २० जुलै, सकाळी ७:००

आणि धूर?

कडकभाकरी | २० जुलै, सकाळी ७:२०

पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, त्यामुळे आमच्याकडे कमी आणि पलीकडच्या वस्तीकडे जास्त. त्यांनाही वही दिली. गेल्या महिन्यात दोघांच्या मिळून ओळी नऊ. त्यातल्या सहा शनिवारच्या.

पेठेतला_पोरगा | २१ ऑगस्ट, दुपारी ४:४५

१८ ऑगस्टपासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं, सोलापूर पण त्यात. आता रिट टाकायला मुंबई नको. ताई, तिकडं पण टाकायचं का?

कलमबहाद्दर | २१ ऑगस्ट, संध्याकाळी ६:००

अजिबात नको. एकाच धुरासाठी दोन दारं ठोठावली की दोन्हीकडे "तिकडचं काय झालं" एवढंच विचारतात. समितीचा अहवाल येऊ द्या.

कडकभाकरी | १४ सप्टेंबर, रात्री ११:५५

समिती येऊन गेली. पिवळ्या शिडीवर चढून नमुना घेतला. आमच्याकडेही आले, वही चाळली. एका साहेबांनी रुमालांची पिशवी उघडून पहिला आणि शेवटचा शेजारी धरून बघितला, काही बोलले नाहीत. अहवाल यायचाय, पुढची तारीख आहे.

लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने. आज संध्याकाळी तिथला बॉयलरवरचा माणूस आईकडे भाकरी घ्यायला आला. दोन वर्षांचं गिऱ्हाईक आहे, आम्हाला माहीतच नव्हतं तो तिथे असतो. डझनभर घेतल्या, पैसे दिले, आणि दारातच उभा राहिला. म्हणाला, "काकू, केस आमच्यावर हाय का मालकावर? आमी पोतं येतंय ते टाकतोय." बोलताना दोनदा खोकला.

आई म्हणाली, तुझ्यावर नाही. मग आत जाऊन आणखी दोन भाकऱ्या आणून दिल्या. तो गेल्यावर मला म्हणाली, याच्या खोकल्याची ओळ वहीत येते का गं?

कलमबहाद्दर, येते का?